मिठाच्या दारामागचा कोल्हा

अशी कल्पना करा, की नांदुऱ्याच्या मालधक्क्यामागं एक लांबट पत्र्याचं गोदाम आहे आणि त्याच्या दारात, रिकाम्या पोत्याच्या घडीवर तुम्ही बसला आहात. आत बत्तीस बायका वाळल्या लाल मिरच्यांचे देठ खुडताहेत. नाकातोंडावर फडकी बांधलेली, नुसते डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. कुणी फारसं बोलत नाही, कारण तोंड उघडलं की मिरचीची धूळ घशात जाते. बोलायचं ते तुम्ही. तुमच्या पाठीमागून वारा आत शिरतो, म्हणून धूळ तुमच्यापर्यंत येत नाही. मांडीवर पुस्तक आहे आणि ते मोठ्यानं वाचायचं आहे. बायकांना आवडतंय की नाही, हे कळायची सोय नाही. ओठ झाकलेले, आणि डोळ्यांतलं पाणी गोष्टीचं की मिरचीचं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

आता अशी कल्पना करा, की ज्या पुस्तकाची या बत्तीस जणींनी तीन वर्षं वाट पाहिली, ते आज तुमच्या मांडीवर आहे, आणि एकविसाव्या पानावर तुमच्या लक्षात येतं की हे पुस्तक चांगलं नाही. तुम्ही काय कराल?

गोजरबाईपुढं हा प्रश्न एकोणीसशे पासष्टच्या माघात आला. उत्तर शोधायला तिच्याकडं एक श्वास घेण्याइतका वेळ होता.

गोजरबाई मूळची पूर्णाकाठची. बापाचा भाजीचा मळा, आणि मळ्याच्या बांधाला लागूनच चौथीपर्यंतची शाळा. वांगी तोडता तोडता ती वर्गात जाऊन बसायची आणि वर्गातून उठून वांगी तोडायला यायची. अशी चौथी झाली. पाचवीची शाळा दोन कोसांवर होती, तेव्हा शिक्षण तिथंच थांबलं. पुढं नांदुऱ्यात हिंमतरावांशी लग्न झालं. हिंमतराव मालधक्क्यावर पोती वाहायचे. बाकी हमालांच्या बायकांसारखी तीही हिवाळ्यात मिरचीच्या गोदामात जाऊ लागली. तिसऱ्या हंगामात दम्यानं तिला गाठलं. एके सकाळी खोकता खोकता ती ढिगावरच आडवी झाली, तेव्हा जनकाबाईंनी तिला दंडाला धरून दारापर्यंत ओढत आणलं.

जनकाबाई गोदामातल्या सगळ्यांत जुन्या. त्यांचा शब्द मुनीमजीसुद्धा खाली पडू देत नसत.

"तू चवथी शिकेल हायस ना?" त्यांनी विचारलं.

गोजरबाईनं खोकत खोकत मान हलवली.

"मंग आत काऊन मरून राह्यली? इथं वाऱ्यावर बस अन् आमाले काही वाचून दाखव. दिवसभर डोक्श्यात नुसती मिरची भरते."

त्या दिवसापासून दारातली ती जागा गोजरबाईची झाली. शेठ तिला काही देत नव्हता. देठ खुडलेल्या मिरचीच्या वजनावर मजुरी, हा त्याचा नियम. म्हणून बायकांनी आपला नियम केला. गोदामात चार रांगा, एकेका रांगेत आठ जणी. गोजरबाईनं पुस्तकाचं पान उलटलं, की एका रांगेतली प्रत्येक बाई खुडलेल्या मिरचीची एक ओंजळ तिच्या टोपलीत टाकणार. पुढच्या पानाला पुढची रांग. संध्याकाळी ती टोपली गोजरबाईच्या नावानं तोलली जायची.

दुसरा नियम शिंकांमुळं पडला. बत्तीस जणींत कुणी ना कुणी सतत शिंकत असायची, आणि नेमकी महत्त्वाची ओळ शिंकेत जायची. म्हणून प्रत्येक पान दोनदा वाचायचं, मगच उलटायचं.

आणि तिसरा नियम जनकाबाईंचा. वाचणारीनं पुस्तक घरी नेऊन आधी वाचायचं नाही. एकदा गोजरबाईनं तसं केलं होतं, तर गोष्टीतला म्हातारा मरायच्या दोन पानं आधीच तिचा आवाज कापायला लागला. "याच्यात मजा नाही," जनकाबाई म्हणाल्या. "तुले बी आमच्यासंगच कळलं पाहिजे."

हाच नियम पुढं तिच्यावर उलटला.

तीन हंगामांपूर्वी मुनीमजींनी, म्हणजे भगवंतरावांनी, बाजारातून एक जाडजूड पुस्तक आणून दिलं होतं. 'खाऱ्या तळ्याखाली'. लिहिणारे लोणारचे एक शाळामास्तर, महादेवराव गुरुजी. लोणारचं तळं बायकांपैकी दोघींनी पाहिलेलं होतं, आणि पाणी खारट असतं एवढंच त्या सांगू शकत होत्या. गुरुजींनी त्या पाण्याखाली अख्खं राज्य वसवलं होतं. तिथल्या माणसांना सावली नव्हती, आणि सावली हवी असली तर वरच्या जगातून माणूस चोरून आणावा लागे. शेळ्या राखणाऱ्या तानीचा भाऊ असाच चोरीला गेला. तानी त्याला शोधायला तळ्यात उतरली, आणि खाली तिला भेटला खरेराव.

खरेराव हा कोल्हा. त्याचा एक कान फाटलेला. नाव खरेराव आणि आयुष्यात एक वाक्य खरं बोललेला नाही. तो तानीला डावीकडं जा म्हणाला की तिनं उजवीकडं जायचं, अशी त्यांची दोस्ती. बायकांना या कोल्ह्यानं वेड लावलं. घरी नवरा थाप मारायला लागला की त्या म्हणायच्या, "या, खरेराव, जेवाले या."

पहिल्या भागाच्या शेवटी तानी पळत सुटते. मिठाचं अजस्र दार मिटत असतं. खरेराव आपली पाठ लावून ते दार अडवून धरतो, तानी फटीतून बाहेर निसटते आणि मागं वळून पाहते. शेवटच्या ओळी बत्तीस जणींना तोंडपाठ होत्या: "खरेराव काहीतरी म्हणाला. पण तोवर दार मिटलं होतं."

त्या दिवशी ते पान गोजरबाईला दोनदा नाही, पाचदा वाचावं लागलं. जनकाबाईंनी तर फडकं सोडून टाकलं. त्यांचा मुलगा सहदेव दोन वर्षांपूर्वी नांदुऱ्याच्या फलाटावरून भुसावळच्या गाडीत बसून गेला होता. गाडी हलल्यावर तो खिडकीतून काहीतरी ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यानंतर एकच मनीऑर्डर आली आणि मग काहीच नाही. जनकाबाई हे कधी बोलून दाखवत नसत. पण मधल्या तीन वर्षांत दर हंगामाला त्या मुनीमजींना विचारायच्या, "त्या गुरुजीचं दुसरं पुस्तक निंघालं का? कोल्हा काय म्हणला ते पाह्यचं होतं."

ते पुस्तक आता आलं होतं. निळं वेष्टन, त्यावर पांढरी टोपी घातलेला कोल्हा.

"हा टोपीवाला कोण व्हय?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"खरेराव असंल."

"अन् याचे दोन्ही कान तं शाबूत हायेत."

"चित्र काढणाऱ्यानं पुस्तक वाचलं नसंल, बाई. वाच वं गोजर."

पहिली वीस पानं बरी गेली. तानी रोज पहाटे तळ्याच्या काठी जाऊन चिखलाला कान लावते, असं लिहिलं होतं. गोदामात मिरचीचा देठ तुटल्याचा बारीक आवाज ऐकू येईल इतकी शांतता होती. आणि एकविसाव्या पानावर खरेराव काठावर उभा होता. जिवंत, दोन्ही कान धड, आणि गोजरबाईचा आवाज पुढच्या ओळीत गेला: "तो म्हणाला, बालमित्रांनो, असत्य हे सर्व दुःखांचे मूळ आहे. मी पूर्वी खोटे बोलत असे. आता मी पहाटे पाच वाजता उठतो."

ती थांबली नाही, कारण थांबली असती तर बायकांना कळलं असतं. पुढचं पान चांगलं असेल, असं स्वतःला सांगत ती वाचत राहिली. पुढच्या पानावर दात घासण्याची योग्य पद्धत होती. त्याच्या पुढच्यावर चहाचे दुष्परिणाम. तानीचा भाऊ एका ओळीत परत आला: "दादूही घरी आला होता व त्याने सहकारी संस्थेचे काम हाती घेतले होते." ज्याच्यासाठी पोरगी तळ्याच्या तळाशी गेली, त्याला गुरुजींनी एका ओळीत आणून खुर्चीवर बसवलं होतं.

नियम होता, म्हणून प्रत्येक पान तिनं दोनदा वाचलं. दात दोनदा घासले गेले. पान उलटलं की ओंजळी पडत होत्या, पण त्या पडण्याचा आवाज वेगळा वाटत होता. पूर्वी बायका वाकून टाकायच्या. आता बसल्या जागेवरून फेकत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या दोघी आल्या नाहीत. त्या समोरच्या गोदामात गेल्या, असं कळलं. समोरच्या शेठनं तिथं रेडिओ बसवला होता.

दुपारी भगवंतराव दारात येऊन उभे राहिले. त्यांना दुसरा भाग फार पसंत होता. "काय बोधपर लिवलं हाये," ते म्हणाले. "पहिल्यात नुसत्याच गंमती होत्या." मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "शेठजी म्हणत होते, आपल्याही गोदामात तार ओढून एक रेडिओ ठेवू. बायका टिकतात म्हणे."

"मंग मी?" गोजरबाईनं विचारलं.

"तुम्ही आत बसा की सगळ्यांसंग. हाये काय त्याच्यात."

आत. गोजरबाईनं मागं वळून पाहिलं. उन्हाच्या तिरिपेत लाल धूळ तरंगत होती. नुसतं पाहूनच तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती हिशोब करत होती, तोही पानांचा. अजून दोनशे पानं शिल्लक. रोज दोन बायका गेल्या तर पुस्तक संपेपर्यंत पुढची रांग तरी उरेल का?

"काय झालं?" हिंमतरावांनी विचारलं.

"खरेराव सुधरला," ती म्हणाली.

हिंमतरावांना काही समजलं नाही. पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी भाकरी थोडी कच्ची लागली तरी काही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक्केचाळीसावं पान आलं. त्यावर खरेराव कंपोस्ट खताच्या खड्ड्याची मापं सांगत होता. गोजरबाईनं पहिली ओळ पाहिली, दुसरी पाहिली. समोर पहिल्या रांगेत जनकाबाई बसल्या होत्या. त्यांचे हात चालू होते, पण डोळे मिटलेले होते. जनकाबाई कामात डोळे कधी मिटत नसत.

आणि गोजरबाईच्या तोंडून निघालं: "खरेराव वळला. तेव्हा तानीला दिसलं, की त्याच्या पाठीवर मिठाचा पांढरा पट्टा उमटला आहे. दाराएवढा सरळ."

जनकाबाईंनी डोळे उघडले.

पुढं काय बोलावं हे तिला माहीत नव्हतं, पण बोलणं थांबेना. तानीनं पट्ट्याला हात लावला. कोल्हा म्हणाला, हे पीठ आहे, मी चक्कीवर गेलो होतो. तानीनं बोट चाटलं. ते खारट होतं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तीन दिवसांत पहिल्यांदा कुणी हसलं होतं. गोजरबाईची नजर खताच्या खड्ड्यावर, पाच फूट लांब, तीन फूट रुंद, आणि तोंडानं ती कोल्ह्याला घेऊन तळ्याकडं निघाली होती. घाम फुटला होता. चोरी करताना असंच वाटत असणार, असं तिच्या मनात आलं.

मग एक आवाज आला, "आता दुसऱ्यांदा."

नियम. पान दोनदा वाचायचं. छापलेलं असतं तर तिनं ते शंभरदा वाचलं असतं. पण जे छापलेलंच नाही ते शब्दाला शब्द पुन्हा कुठून आणायचं? ती सावकाश बोलू लागली. चक्की आली, बोट चाटणं आलं. पट्टा मात्र या वेळी कोल्ह्याच्या खांद्यावर आला.

"मघा पाठीवर होता," चौथ्या रांगेतून अन्नपूर्णा म्हणाली.

अन्नपूर्णा विशीतली, भीमनगरातली. ती रोज संध्याकाळी प्रौढ साक्षरतेच्या वर्गाला जायची आणि वाटेतल्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत घरी यायची. गोजरबाईला त्या क्षणी दम्याची ढास आली. खरी आली की आणली, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. खोकला संपेपर्यंत तो विषय मागं पडला.

पण संध्याकाळी टोपली पाहिली तर निम्म्याहून रिकामी. गोष्ट सांगण्याच्या नादात तिनं पान उलटलंच नव्हतं. दुपारभर एक्केचाळीसावं पान उघडं, आणि पान नाही तर ओंजळ नाही.

चौथ्या दिवशी ती ठरवून आली. अधूनमधून पान उलटायचं. तसं तिनं केलं; खताचा खड्डा अजून संपलाच नव्हता. ओंजळी पडल्या, आता पुन्हा वाकून. आणि प्रत्येक ओंजळीला गोजरबाईला वाटायचं, की आपण न वाचलेल्या पानाची मिरची घेतो आहोत. डोक्यात एकाच वेळी तीन धागे: पुढं काय सांगायचं, मागं काय सांगितलं, आणि पान कधी उलटायचं. पट्टा पाठीवर, पट्टा पाठीवर, असं ती मनात घोकत होती. आणि त्याहून मोठी भीती पुढं होती. गोष्ट दाराकडं चालली होती. दाराशी पोचल्यावर बायका विचारणार, खरेराव काय म्हणाला? ते तर तिलाही माहीत नव्हतं.

चहाच्या सुट्टीत अन्नपूर्णा हात धुऊन तिच्याजवळ आली.

"मावशी, मले एक पान वाचू द्या ना. वर्गात बाईनं सांगतलं, रोज एक पान वाचजा."

"तुह्या हाताले मिरची हाये."

"धुतले. पाहा."

"उद्या देतो."

"उद्या काऊन? दोन ओळी तं वाचतो." आणि तिनं वाकून, ओल्या बोटाला पदर गुंडाळून, उघड्या पानावर बोट ठेवलं. "खा... ट. खाट नाही... खत. खताचा. ख... ड्डा. खड्डा." ती थांबली. पुन्हा बोट मागं नेलं. "मावशी, इथं तं खताचा खड्डा हाये. तुम्ही मिठाचं दार वाचून राह्यल्या होत्या."

चहाच्या कपांचा आवाज थांबला. गोजरबाईनं पुस्तक मिटलं. एरवी झाकलेले चेहरे चहासाठी उघडे होते. इतके दिवस जे चेहरे दिसत नाहीत म्हणून ती घाबरत होती, ते सगळे आता एकदम तिच्याकडं वळले.

"जनकाबाई," ती म्हणाली, "कालपासून मी मनचंच सांगून राह्यली." तिनं टोपली उचलून त्यांच्यापुढं ठेवली. "ह्या ओंजळी माह्या नाहीत."

जनकाबाईंनी टोपलीकडं पाहिलंही नाही. "ओंजळ पानाची असते. पान तं तू उलटलं." त्यांनी कप खाली ठेवला. "मले कालच समजलं होतं. इतकं चांगलं त्या टोपीवाल्याच्या पुस्तकात कुठून येणार? पण तू काऊन केलं हे?"

"तुम्ही डोळे मिटले होते."

जनकाबाईंनी टोपली परत तिच्याकडं सरकवली. मग म्हणाल्या, "खरेराव काय म्हणला, ते पुस्तकात हाये का नाही?"

"मी पुढं पाह्यलं नाही. तुमचाच नियम."

"मंग वाच. छापलं तेच वाच. खड्डा असो का काही असो. मधातच कुठी लिवलं असंल तं?"

आणि मग सहा दिवस गोजरबाईनं छापलेलं वाचलं. "दोनदा नको वं माय," एवढी सवलत मागच्या रांगेनं मागितली, ती जनकाबाईंनी दिली. अल्पबचत वाचली, हात धुणं वाचलं, शेजारधर्म वाचला. तिचं लक्ष एकाच शब्दाकडं होतं. दार. पान उलटलं की तिची नजर आधी सगळ्या पानावरून दार शोधत धावायची. एकशे चौऱ्याऐंशीव्या पानावर तो शब्द सापडला. ते घराचं दार होतं, आणि ते स्वच्छ ठेवायचं होतं.

शेवटच्या पानावर गोष्ट नव्हतीच, प्रश्न होते. "प्रश्न पहिला," गोजरबाईनं वाचलं, आणि तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "खरेरावाने कोणकोणत्या चांगल्या सवयी अंगीकारल्या?"

"मरायची," कुणीतरी म्हणालं.

"प्रश्न दुसरा. तुम्हांला खरेराव का आवडतो?"

"पहिले आवडे. आता त्याले चहा बी चालत नाही."

फडक्यांआडून हसू फुटलं, त्याबरोबर शिंका. अन्नपूर्णा मात्र हसत नव्हती. "हा तो नाहीच," ती म्हणाली. "त्याचा कान फाटेल होता. हा दुसराच कोणी. तो बिचारा दारातच गेला."

"नाही वं," जनकाबाई म्हणाल्या. "तोच हाये." सगळ्या त्यांच्याकडं पाहू लागल्या. "तोच हाये, अन् खोटं बोलून राह्यला. जनमभर खोटं बोलला, तो एकाएकी सुधरते? कान बी शिवून घेतला असंल. दाराचं कोणी काही इचारू नये म्हणून दात घासाले शिकवून राह्यला. ज्याले मोठी गोष्ट लपवायची असते तो लय शहाण्यावानी बोलते."

देठ तुटण्याचा बारीक आवाज तेवढा चालू राहिला. गोजरबाईला वाटलं, तीन वर्षांची वाट अगदीच वाया गेली नाही. आणि लगेच वाटलं, पण मग कोल्हा लपवतोय तरी काय?

हंगाम संपताना भगवंतरावांनी सांगितलं, पुढच्या वर्षी रेडिओ नक्की. गोजरबाईचा उन्हाळा आणि पावसाळा त्याच धास्तीत गेला. पोतं वाजलं तरी तिला तार ओढल्यासारखं वाटायचं. दिवाळीनंतर रेडिओ खरंच आला. फळी ठोकून तो उंच ठेवला. पहिल्याच दिवशी नाटिका लागली, आणि नायिकेच्या बापानं खून कुणी केला हे सांगितलं नेमकं तेव्हा दुसऱ्या रांगेला शिंक आली.

"काय म्हणला तो?" जनकाबाईंनी विचारलं.

कुणालाच ऐकू आलं नव्हतं. जनकाबाई रेडिओकडं पाहत म्हणाल्या, "आता दुसऱ्यांदा." रेडिओ शेतमालाचे भाव सांगू लागला.

आठवडाभरात बायकांनी भगवंतरावांना सांगून टाकलं, की त्याले काही समज नाही, एकदाच बोलते. रेडिओ दुपारच्या गाण्यांपुरता उरला. दारातली जागा गोजरबाईकडं राहिली. आता ती अर्धा दिवस वाचते, अर्धा दिवस अन्नपूर्णा. अन्नपूर्णा इतकी हळू वाचते की दोनदा वाचायची गरजच पडत नाही.

मधल्या काळात त्यांनी गुरुजींना एक पोस्टकार्ड लिहिलं होतं. अक्षर अन्नपूर्णाचं, मजकूर सगळ्यांचा. दुसऱ्या भागाबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. विचारलं होतं एवढंच, की दार मिटताना खरेराव काय म्हणाला ते कळवावे.

उत्तर महिन्यानं आलं. वळणदार अक्षर. "आपले पत्र पावले. दुसऱ्या भागातील बोध आपणांस उपयुक्त वाटला असेल अशी आशा आहे. खताच्या खड्ड्याचा प्रयोग अवश्य करावा." त्याखाली एक ओळ लिहिलेली होती, आणि ती शाईनं गच्च खोडली होती. इतकी गच्च, की कार्ड त्या जागी फुगलं होतं.

गोजरबाईनं ते उन्हात धरून पाहिलं. अन्नपूर्णानं मागून पाहिलं. जनकाबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्यांनीही खोडलेल्या ओळीवरून अंगठा फिरवला, दोनदा.

ते कार्ड गोजरबाईनं पहिल्या भागाच्या शेवटच्या पानात ठेवलं आहे. लोणारची बस मेहकरवरून जाते, हे तिनं स्टँडवर विचारून ठेवलंय. गुरुजींना काय विचारायचं तेही ठरलेलं आहे. दुसरा भाग असा का लिहिलात, हे ती विचारणार नाही. तिला फक्त एवढंच हवंय: गुरुजी, तुम्ही ते शेवटचं पान लिहिलं तेव्हा कोल्हा काय म्हणला ते तुम्हाले तरी ऐकू आलं होतं का, का तुमच्यासाठी बी दार तवाच मिटलं होतं?